हेंपला खरंच पाणी लागत नाही? दुष्काळ, कीड, धूर आणि कायद्याची गोष्ट

हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळानं जानेवारी २०२५ मध्ये गांजाच्या जातीच्या झाडाची नियंत्रित लागवड करून पाहायला, म्हणजे प्रायोगिक अभ्यासाला, मंजुरी दिली. काम पालमपूर आणि नौणी इथल्या दोन विद्यापीठांकडं सोपवलं. बातमी तिकडची, पण निपाणी, चिकोडी, अथणीच्या मोबाइलवर पोचायला तिला कितीसा वेळ लागणार? हेंपच्या, म्हणजे याच झाडाच्या कमी नशेच्या वाणांच्या, शेतीचे व्हिडिओ आधीपासून फिरतच होते, त्यांना आता सरकारी बातमीचं तोरण मिळालं. या व्हिडिओंत तीन वाक्यं हमखास असतात: पाणी लागत नाही, कीड लागत नाही, कुठंही येतं. चौथं वाक्य जरा घाईघाईत उरकलेलं असतं: आता कायद्यानंही चालतं.

उसाच्या बिलाची वाट बघणारा किंवा तंबाखूच्या भावावर वर्षाचा हिशेब बांधणारा माणूस नव्या पिकाकडं आशेनं बघणारच. म्हणूनच ही चारही वाक्यं नीट तपासायला हवीत. पहिली तीन अर्धवट खरी आहेत. चौथं आपल्या बेळगाव भागापुरतं सरळ खोटं आहे.

एकच झाड, वेगवेगळे हिशेब

गांजा, चरस, भांग आणि हेंप, सगळं एकाच जातीच्या झाडापासून येतं. शास्त्रीय नाव कॅनाबिस. या झाडात नर आणि मादी वेगवेगळी असतात. मादीच्या फुलोऱ्यावर बारीक चिकट केसासारख्या ग्रंथी असतात आणि त्यांत राळ तयार होते. वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा, खरवडून काढलेली राळ म्हणजे चरस, आणि नुसती पानं म्हणजे भांग.

राळेत अनेक रसायनं असतात. त्यांतली दोन नावं या लेखापुरती लक्षात ठेवा. टीएचसी हे नशा आणणारं रसायन. सीबीडी हे नशा न आणणारं, औषधासाठी मागणी असलेलं. ज्या वाणांत टीएचसी वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्क्यांच्या वर जात नाही, त्यांना हेंप म्हणायचं आणि त्यांचा उपयोग धागा, बी आणि तेलासाठी करायचा, असा जगभरात साधारण रिवाज आहे. ही ०.३ ची रेषा झाडानं आखलेली नाही. १९७६ मध्ये दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी ती ओढली आणि पुढं देशोदेशींच्या कायद्यांनी ती तशीच उचलली. शेताच्या बांधावर उभं राहून कुठलं झाड रेषेच्या आत आणि कुठलं बाहेर, हे कुणालाही सांगता येत नाही. पानही तेच, वासही जवळपास तोच. ते प्रयोगशाळाच सांगते. ही गोष्ट पुढं फार महत्त्वाची ठरणार आहे.

जाता जाता एक. कृषी सेवा केंद्रात हिरवळीच्या खतासाठी मिळणारा ताग आणि आपल्या भाकरीसोबतची अंबाडी यांनाही इंग्रजीत हेंपच म्हणतात, पण ती पूर्ण वेगळी पिकं आहेत. ती बिनधास्त लावा.

‘ते तर रानात आपोआप येतं’

येतं, खरं आहे. हिमाचल-उत्तराखंडात रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, गोठ्यामागं हे झाड न पेरता वाढतं. व्हिडिओवाले तेच दाखवतात आणि म्हणतात, बघा किती काटक.

पण जगणं वेगळं आणि पिकणं वेगळं. गावठी कोंबडी उकिरड्यावर टोचून खाते, पावसात भिजते आणि तरी टिकते. कोंबडीचीच जात असलेला ब्रॉयलर एप्रिलच्या उन्हात पंखा बंद पडला की मान टाकतो. कारण गावठीकडून आपण दोन-चार अंड्यांची अपेक्षा ठेवतो आणि ब्रॉयलरकडून ठरलेल्या दिवसांत ठरलेलं वजन मागतो. रानातल्या झाडाचं तसंच आहे. हजार बिया पडल्या, त्यांतल्या वीस उगवल्या, पाच मोठ्या झाल्या, तरी निसर्गाचं काम भागलं. मेलेल्या झाडांची मोजदाद कुणी करत नाही. शेतात मात्र एकरी उतारा लागतो, सगळी झाडं एकसारख्या उंचीची लागतात, धागा एकसारखा लागतो आणि टीएचसी रेषेच्या आत लागतं. एवढ्या अटी घातल्या की काटक झाडसुद्धा नाजूक पीक होऊन बसतं.

हेंपच्या बाजूनं एक गोष्ट नक्की सांगायला हवी. धाग्यासाठी ते दाट पेरलं आणि सुरुवातीला उगवण चांगली झाली, तर त्याची सावली तणाला वर येऊ देत नाही. खुरपणीचा खर्च खरोखर वाचतो. पण त्यासाठी आधी उगवण चांगली व्हावी लागते, आणि इथूनच पाण्याचा प्रश्न सुरू होतो.

पाणी: तुलना कुणाशी केली ते बघा

‘हेंपला पाणी कमी लागतं’ असं म्हणणारा नेहमी कापसाशी किंवा उसाशी तुलना करतो. उसाला हंगामात साधारण १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, कापसाला ७०० ते १३००. धाग्याच्या हेंपसाठी ५०० ते ७०० मिलिमीटर हा आकडा सांगितला जातो. उसापुढं कुठलंही पीक कंजूषच दिसणार. पण हेच आकडे ज्वारी आणि सोयाबीनपुढं ठेवा. ज्वारीला ४५० ते ६५०, सोयाबीनला ४५० ते ७००. म्हणजे उसाच्या शेतकऱ्याला हेंप पाणी वाचवणारं वाटेल, पण अथणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून काही वाचणार नाही. तो आज जे पेरतो, त्याच्याएवढंच किंवा थोडं जास्तच पाणी हेंप पिणार. दुष्काळात बुडायची भीती असते ती याच शेतकऱ्याला, उसवाल्याला कालव्याचा किंवा नदीचा काहीतरी आधार असतो.

२०२३ साल आठवा. कर्नाटकातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके सरकारनं दुष्काळग्रस्त जाहीर केले होते. असल्या वर्षात हेंपचं काय होतं? पाऊस ओढला की झाड पानांवरची बारीक छिद्रं, म्हणजे रंध्रं, मिटून घेतं. ओल वाचते, पण हवा आत यायचीही थांबते आणि वाढ खुंटते. झाडाला सोटमूळ असतं, ते खोल जातं आणि पुढं खालची ओल शोधतं, हे खरं. पण पहिले चार-सहा आठवडे मूळ वरच्याच थरात असतं. त्या काळात खंड पडला तर उगवण विरळ होते. विरळ झालं की तण माजतं, खोडाला फांद्या फुटतात आणि धागा जाड-बारीक निघतो. झाडं मरत नाहीत. ती उभी असतात, विकण्यालायक मात्र नसतात.

उलट बाजूही तितकीच खरी. हेंपच्या कोवळ्या रोपाला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. चिकोडी-रायबागच्या काळ्या रानात जुलैत दोन दिवस पाणी तुंबलं, वाफसाच आला नाही, की रोप पिवळं पडून कुजायला लागतं. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडं तर पावसाळ्यात भाताशिवाय दुसरं काही सुचू नये असा पाऊस. म्हणजे आपल्या एकाच जिल्ह्यात एका टोकाला हे पीक तहानेल आणि दुसऱ्या टोकाला बुडेल. मधल्या पट्ट्यात, निचऱ्याच्या हलक्या-मध्यम रानात, ते तग धरू शकेल. पण तिथं सोयाबीन, भुईमूग आणि तंबाखू आधीच बसलेले आहेत.

ज्या कॅलिफोर्नियात या झाडाची उघड्यावर मोठी शेती होते, तिथंही पाणी हा भांडणाचाच विषय आहे. एका झाडाला दिवसाला सुमारे २२ लिटर पाणी लागतं हा आकडा तिथं खूप फिरला आणि तो फुगवलेला आहे म्हणून तितकाच वादही झाला. पाण्याच्या नियमानुसार १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात तिथल्या परवानाधारकांना ओढ्या-नाल्यांतून पाणी उचलता येत नाही. हिवाळ्याचा पाऊस टाक्यांत आणि तळ्यांत साठवून त्यावर उन्हाळा काढावा लागतो. ज्या पिकासाठी शेततळं आधी बांधावं लागतं, त्याला ‘पाणी लागत नाही’ म्हणणं जरा जास्तच झालं.

जे कुणी सांगत नाही: दिवसाची लांबी

माझ्या मते बेळगाव भागासाठी पाण्याहून मोठी अडचण ही आहे, आणि व्हिडिओत तिचा उल्लेखही सापडत नाही.

हेंप दिवसाच्या लांबीवर फुलतं. दिवस मोठे असताना ते उंच वाढतं, दिवस लहान झाले की वाढ सोडून फुलोऱ्याला लागतं. आपल्याकडच्या जुन्या तुरीला हा स्वभाव असतो. उशिरा पेरली की बुटकी राहते आणि तरी वेळेवर फुलते. आता बघा, हेंपचे सुधारित वाण बहुतेक युरोप आणि कॅनडातले. तिथं जूनमध्ये दिवस १६ तासांचा असतो. बेळगाव विषुववृत्तापासून जेमतेम १६ अंशांवर. आपला सगळ्यात मोठा दिवस १३ तासांच्या आसपास. म्हणजे जो आपला सगळ्यात मोठा, तो तिकडच्या वाणाला ‘दिवस लहान झाला’ असाच वाटणार. ते गुडघा-मांडीएवढं झालं की फुलायला लागेल. धाग्यासाठी उंच सरळ खोड हवं, त्याचा प्रश्नच मिटला.

उत्तराखंडचे डोंगरी वाण जरा जवळचे, पण तिथलाही उन्हाळ्याचा दिवस १४ तासांचा आणि हवा थंड. त्यामुळं ‘तिकडं एवढं निघालं’ हा आकडा इकडं आणून गुणाकार करण्यात काही अर्थ नाही. इथल्या दिवसमानाला जमणारा, कमी टीएचसीचा आणि सिद्ध झालेला वाण आधी हवा. कायद्याची दारं उद्या उघडली तरी अशा वाणाच्या चाचण्यांना काही हंगाम द्यावेच लागतील.

दुष्काळानं नशा वाढते?

हा समज पसरलेला आहे की झाडाला ताण दिला की टीएचसी वाढतं, म्हणून दुष्काळात हेंपचं पीक आपोआप गांजा होईल. इतकं सोपं नाही. झाड टीएचसी जास्त बनवणार की सीबीडी, हे मुख्यतः त्याच्या बियाण्यात ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी सीबीडीच्या वाणांना मुद्दाम त्रास देऊन पाहिलं: शेतात पाणी तुंबवलं, झाडांना जखमा केल्या, तणनाशक मारलं, भुरी रोग लागू दिला. टीएचसी आणि सीबीडीचं एकमेकांशी असलेलं प्रमाण फारसं हललं नाही.

मग पीक रेषेबाहेर जातं कसं? काढणी लांबली की. सीबीडीच्या वाणांतही टीएचसी थोडंसं असतंच, आणि फुलोरा पिकत जाईल तसं दोन्ही एकत्र वाढतं. सीबीडी जास्त मिळावं म्हणून शेतकरी थांबतो आणि टीएचसी गुपचूप ०.३ ओलांडतं. अमेरिकेत असं पीक नष्ट करावं लागतं. इथं दुष्काळाचा संबंध आडून येतो. पाणी कमी-जास्त झालं की झाडं मागंपुढं पिकतात, सगळं शेत एका दिवशी काढणीला येत नाही, आणि तारखेचा अंदाज चुकतो.

दुसरा धोका परागाचा. हे झाड वाऱ्यावर फळतं आणि पराग कित्येक किलोमीटर उडतो. आसपास कुणी चोरून गांजा लावला असेल, तर त्याचा पराग तुमच्या हेंपवर बसेल. या वर्षीच्या पिकाचं टीएचसी त्यानं वाढणार नाही, पण घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलंत तर त्यातलं कुठलं झाड कसलं निघेल, याचा भरवसा उरत नाही. बी घरचं ठेवायची आपली सवय इथं महागात पडू शकते.

‘याला कीड लागत नाही म्हणे’

वासामुळं जनावर तोंड लावत नाही, म्हणून कीडही लागत नसेल, असा हा तर्क. प्रत्यक्षात अमेरिकेत उघड्यावरच्या हेंपची सगळ्यात त्रासदायक कीड आहे मक्याच्या कणसातली अळी, जी थेट फुलोऱ्यात शिरून आतून खाते. तिची सख्खी बहीण आपल्या रानात बारमाही असते: घाटेअळी. तूर, हरभरा, मका, टोमॅटो, कापूस, काही सोडत नाही. ऑस्ट्रेलियात ही घाटेअळी हेंपवर येतेच. तुरीच्या आणि मक्याच्या मधोमध हेंपचा एक नवा प्लॉट टाकला तर अळीला तो परका वाटायचं काही कारण नाही.

त्याशिवाय मावा, पांढरी माशी, खोडात शिरणारी अळी, आणि लाल कोळी. कोळ्याकडं जास्त लक्ष द्या, कारण दुष्काळाशी त्याची जोडी आहे. गरम कोरड्या हवेत त्याची एक पिढी आठवडाभरात तयार होते. पाऊस पडला की तो धुऊन जातो. पाऊस ओढला की पानाखाली जाळी विणत बसतो. घाबरून कडक औषध फवारलं तर कोळ्याला खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी दुप्पट जोरानं येतो. वांगी-मिरची करणाऱ्यांना हे सांगायला नको.

आता फवारायचं काय? कीटकनाशकाच्या लेबलवर कुठल्या पिकावर ते चालतं हे लिहिलेलं असतं. नव्या पिकाचं नाव तिथं यायला वेळ लागतो. अमेरिकेत हेंपला डिसेंबर २०१८ मध्ये देशभर परवानगी मिळाली आणि त्यावर वापरायची पहिली दहा औषधं डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर झाली. त्यांतली नऊ जैविक होती. मधलं अख्खं वर्ष शेतकरी हात बांधून बसले. शिवाय फुलोऱ्यातून तेल काढताना राळेबरोबर औषधाचा अंशही एकवटतो. पानावर खपून गेला असता असा अंश तेलाच्या चाचणीत पकडला जातो आणि माल परत येतो.

धुराचा आपल्याशी काय संबंध?

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांचा, म्हणजे जिल्ह्यांचा, पट्टा या शेतीसाठी नावाजलेला. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून तिथल्या जंगलांत आगी लागल्या. त्यांतली एकच आग, ऑगस्ट कॉम्प्लेक्स नावाची, दहा लाख एकरांहून जास्त पसरली. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळं उन्हाळ्याच्या शेवटी जंगल पार वाळलेलं असतं आणि नेमकी तेव्हाच, सप्टेंबर-ऑक्टोबरात, या पिकाची काढणी असते. आग आणि काढणी एकाच मुहूर्तावर.

ज्वाळा शेतापर्यंत आल्या नाहीत तरी धूर येतोच. तो तीन वाटांनी नुकसान करतो. दाट धुरानं ऊन अडतं, फुलोरा पिकायला उशीर होतो. राख चिकट राळेवर बसते आणि निघत नाही. धुवायला जावं तर भिजलेल्या दाट फुलोऱ्यात बुरशी धरते. तिसरं म्हणजे धुराचा वास आत मुरतो. त्याच वर्षी तिथल्या द्राक्षबागांनाही हाच फटका बसला, आणि कित्येक वाइनरींनी लाल वाइन करायचीच सोडून दिली. कोलोरॅडोच्या डोंगरात संशोधकांना दाट धुरात पाइन झाडांची रंध्रं जवळपास मिटलेली आढळली. म्हणजे झाडाच्या बाबतीत दुष्काळ आणि धूर शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात: श्वास कोंडतो.

आपल्याकडं वणवे लागत नाहीत असं नाही. खानापूरच्या जंगलात, भीमगड अभयारण्याच्या अंगानं, फेब्रुवारी ते मेमध्ये पालापाचोळा पेटतो; मार्च २०२३ मध्ये घाटाखाली गोव्याच्या म्हादई अभयारण्यातल्या आगींनी बरेच दिवस बातम्यांत जागा धरली होती. पण खरिपाचं पीक तोवर घरात आलेलं असतं. वणव्याचा धूर सोसतो तो आंबा-काजूच्या मोहोराला. हेंपच्या वाट्याला यायचा तो दुसरा धूर. कारखाने सुरू झाले, ऊसतोड लागली, की तोडलेल्या रानातलं पाचट पेटवलं जातं. संध्याकाळी काळी पाचटकाजळी दोन-दोन शिवारं ओलांडून धुण्यावर येऊन पडते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. चिकट फुलोऱ्यावर ती पडली तर काय होईल, हे वर आलंच.

पण मला विचाराल तर काढणीच्या तोंडावर कॅलिफोर्नियात जे काम धूर करतो, ते आपल्याकडं परतीचा पाऊस करेल. ऑक्टोबरमध्ये फुलोरा भरात आणि त्यावर चार दिवस झड. दाट फुलोऱ्याच्या पोटात राखाडी बुरशी धरते. बाहेरून बोंड चांगलं दिसतं आणि आतून तपकिरी पीठ झालेलं असतं. द्राक्षवाल्यांना परतीच्या पावसाची जी धास्ती, तीच इथं.

कायदा नेमका काय म्हणतो

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, या झाडाची लागवडच मना करतो. परवान्याविना लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. कमी टीएचसीचं झाड लावलं म्हणून या कायद्यात आपोआप सूट मिळत नाही. ०.३ टक्क्यांची रेषा परवाना असलेल्या शेतासाठी कामाची. परवाना नसेल तर झाड ते झाडच.

‘मग उत्तराखंडात कसं चालतं?’ त्याच कायद्यात वाट ठेवलेली आहे. कलम १० राज्य सरकारांना परवानगी आणि नियम करायचा अधिकार देतं. कलम १४ नुसार धागा, बी किंवा बागकामासाठीच्या लागवडीला सरकार मोकळीक देऊ शकतं. उत्तराखंडनं २०१८ मध्ये औद्योगिक हेंपचा परवाना दिला आणि असं करणारं ते पहिलं राज्य ठरलं. तिथला परवाना तिथल्या जमिनीपुरता. त्याची झेरॉक्स दाखवून बेळगावात पेरता येत नाही.

‘पलीकडं महाराष्ट्रात चालतं म्हणे.’ सीमाभागात ही एक आपली खास अफवा. कायदा केंद्राचा आहे. लागवडीची बंदी कागल-चंदगडला जशी, तशीच निपाणी-खानापूरला.

‘भांग तर कायदेशीर आहे ना?’ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याशिवायची पानं आणि बी वगळलेलं आहे. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानंही एका जामीन अर्जावर भांग म्हणजे गांजा किंवा चरस नव्हे, असंच म्हटलं. पण पान वगळलं म्हणजे झाड लावायला मोकळीक मिळाली असं नाही. बंदी झाडाच्या लागवडीवर आहे, आणि झाड न लावता पान येणार कुठून?

‘हेंपचं बी तर दुकानात मिळतं.’ मिळतं. नोव्हेंबर २०२१ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं हेंपचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी दिली आहे. खायला परवानगी आहे, पेरायला नाही.

एक कलम मात्र ज्यांनी हेंपचं नावही काढलेलं नाही त्यांनीही वाचावं. कलम ४६. तुमच्या जमिनीत बेकायदा झाडं लावलेली असतील तर ती खबर पोलिसांना ताबडतोब देणं ही जमीनमालकाची जबाबदारी आहे, आणि जाणूनबुजून गप्प बसणं हा गुन्हा. आपल्याकडं वाट्यानं, खंडानं रान देण्याची पद्धत मोठी. मालक बेळगावात किंवा पुण्यात, उतारा त्याच्या नावावर, आणि उसाच्या मधल्या सरींत कुणीतरी चार झाडं खोचलेली. पहिली विचारणा होणार ती उताऱ्यावरच्या नावाला. वाटेकऱ्यावर विश्वास असावा, पण आठ-पंधरा दिवसांनी एक फेरी रानातून आतपर्यंत मारावी.

उद्या परवानगी मिळालीच तर

कर्नाटक सरकार उद्या दार उघडणारच नाही असं मी म्हणणार नाही. केंद्राच्या २०१२ च्या धोरणातच कमी टीएचसीच्या वाणांवर संशोधन व्हावं असं म्हटलेलं आहे, आणि एक-एक राज्य हलतंय. पण अमेरिकेत दार उघडल्यावर काय झालं तेही बघून ठेवावं. २०१९ मध्ये तिथं पाच लाखांहून जास्त एकरांसाठी परवाने घेतले गेले. सीबीडीसाठी सगळ्यांनी एकदम लावलं, वाळवायला शेड नव्हत्या, तेल काढायला कारखाने पुरेसे नव्हते, आणि वर्षभरात भाव कोसळले. नफा झाला तो बियाणं आणि रोपं विकणाऱ्यांना. आपल्या भागातल्या लोकांनी इमू पाहिलेत, कडकनाथही पाहिलाय. पक्षी विकणारा पहिल्या वर्षीच कसा गबर होतो, हे नव्यानं सांगायची गरज नाही.

म्हणून कुणी हेंपचं बियाणं घेऊन दारात आला तर भावाची चौकशी नंतर. लागवडीचा परवाना कुणाच्या नावावर निघणार, शेतकऱ्याच्या की कंपनीच्या, आणि तो कुठल्या कार्यालयातून, हे आधी विचारा आणि त्याचं उत्तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात जाऊन ताडून बघा. वाण किती तासांच्या दिवसात वाढवलेला आहे, हे विचारा. नुसतं ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाला तर ती शिफारस नव्हे, तक्रार समजा. आणि टीएचसीचा नमुना कोण घेणार, कुठल्या प्रयोगशाळेत जाणार, निकाल किती दिवसांत येणार, हे कागदावर लिहून घ्या. अमेरिकेत सुरुवातीला नमुना घेतल्यापासून १५ दिवसांत काढणी उरकायची सक्ती होती. पाऊस आणि मजुरांच्या टंचाईत ते जमेना, तेव्हा सरकारला ती मुदत ३० दिवस करावी लागली.